परळच्या विल्सबाई आणि आपल्या घरातील तांबडी गोळी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वळ येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी आम्हांस व्याख्यानाचे आमंत्रण दिले आणि विषय आमच्यावरच सोपविला. हळदीच्या वाढत्या खर्चावर आम्ही याच मंडपात पूर्वी एकदा बोललो आहोत, आणि त्याचा परिणाम काय झाला तो आपण दर वैशाखात डोळ्यांनी पाहतोच. म्हणून तो विषय यंदा बाजूला ठेविला. आज एका परदेशी डॉक्टरीणबाईंची हकीगत सांगावयाची आहे. आम्ही मॅट्रिक झालेले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. जे सांगू ते वाचून, आणि जाणत्यांस विचारून घेतलेले आहे. या विषयाकडे आम्ही का वळलो ते मात्र आरंभी सांगत नाही. ते सांगताना आम्हांस लाज वाटणार आहे, म्हणून ते शेवटी.

तर आपण सुमारे शंभर वर्षे मागे जाऊ. सन १९२८. मुंबईच्या गिरणगावात त्या वर्षी गिरणीकामगारांचा सुमारे सहा महिने संप चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून विधेयक आले होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास हिरिरीने पाठिंबा दिला होता. पुढे १९२९ साली तो कायदा झाला. अशा प्रकारचा आपल्या देशातील तो पहिलाच कायदा होय. गिरणीत कामाला जाणारी गर्भिणी स्त्री हा त्या काळी सरकारदरबारीही प्रश्न होऊन बसला होता, एवढे ध्यानात यावे म्हणून हे सांगितले.

या स्त्रिया बाळंतपणात मरत. का मरत, याची पद्धतशीर चौकशी करण्याचे काम मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी हाती घेतले. चौकशीचे ठाणे होते परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या साथीत, १८९९ साली, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये स्थापन झालेली ही प्रयोगशाळा. तिला हाफकिनसाहेबांचे नाव १९२५ साली मिळाले. चौकशीत एक विलक्षण आजार वारंवार दिसू लागला. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्री पांढरीफटक पडे, अन्नावरची वासना उडे, चार पावले चालली की धाप लागे, आणि कित्येक जणी बाळासह जात. रक्त तपासले तर तांबड्या पेशी फार थोड्या, आणि ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडले की पेशी लहान व फिक्या होतात हे वैद्यांस ठाऊक होते. येथे उलटेच दिसत होते. हे कोडे सोडविण्यासाठी बाल्फोरबाईंनी लंडनहून एका बाईंना बोलावून घेतले. त्या डॉ. लूसी विल्स.

विल्सबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेऊन १९११ साली त्यांनी परीक्षा दिली. परीक्षा दिली असे म्हणण्याचे कारण, केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यावयास १९४८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाला विरोध झाला म्हणून आपण खाली मान घालतो. तेथेही फार निराळे नव्हते, हे आपल्या मुलींस कळलेले बरे. पुढे त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या, पहिले महायुद्ध सुरू होताच केपटाउनला परिचारिकेचे काम केले, आणि मग मनाशी ठरवून लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. डॉक्टर झाल्या तेव्हा १९२० साल होते आणि वय बत्तीस. आपल्याकडे बत्तिसाव्या वर्षी बाई शिकावयास निघाली तर शेजारपाजार काय म्हणेल, याचा विचार श्रोत्यांनी करावा. दवाखाना घालून बसण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील काम पत्करले.

विल्सबाई मुंबईत आल्या त्या १९२८ साली, वयाच्या चाळिशीत. प्रथम त्यांना वाटले की हा आजार जंतूंमुळे होत असावा. त्यांनी रोगी स्त्रियांच्या मलाची बारकाईने तपासणी केली, पण दोषी जंतू सापडला नाही. तेव्हा त्यांनी जे केले ते आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. प्रयोगशाळा हाताशी असूनही त्यांनी घराघरांतील चुलीची चौकशी मांडली. निरनिराळ्या धर्मांच्या आणि निरनिराळ्या ऐपतीच्या स्त्रिया दिवसभरात काय खातात, किती खातात, राहतात कशा, याची पाहणी केली. या पाहणीच्या निबंधावर त्यांच्या नावाबरोबर तळपदे असे आपल्याकडचे नाव आहे. दुसऱ्या एका निबंधावर मेहता हे नाव आहे. परदेशी विदुषीची कीर्ती आपण ऐकतो. पण चाळीतल्या बाईशी तिच्या बोलीत बोलून ताटात काय पडते ते काढून घेणे, हे काम आपल्याच माणसांवाचून कसे होणार? ही नावे मागे पडली याचे आम्हांस वाईट वाटते.

पाहणीत दिसले ते असे. हा आजार गरिबांत, आणि त्यातही गरीब मुसलमान स्त्रियांत विशेष होता. त्यांच्या आहारात भाजीपाला, फळे आणि प्रथिने फारच थोडी होती. मग विल्सबाईंनी तोच आहार पांढऱ्या उंदरांना घातला. उंदीर पांडुर झाले, व्याल्यापूर्वी मेले. यीस्टचा अर्क दिला की आजार टळे. येथे एखादा दुसरा असता तर शोध लागला म्हणून त्याने नगारा वाजविला असता. परंतु मागाहून कळले की त्या उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि उवांतून येणाऱ्या जंतूंमुळेही त्यांचे रक्त नासत होते. प्रयोगावर भरवसा ठेवता येईना. बाईंनी ते मान्य केले आणि माकडांवर नव्याने प्रयोग मांडले. असे सांगतात की, एक माकड मरणाच्या दारी असताना त्याला मार्माइट म्हणून एक स्वस्त पदार्थ चारला गेला आणि ते उठून बसले.

हे मार्माइट म्हणजे काय? बिअर गाळून झाल्यावर पिंपाच्या तळाशी जो यीस्टचा गाळ उरतो, त्याचा काळपट, खारट अर्क. विलायतेत तो पावाला लावून खातात. चव कशी असते ते आम्हांस ठाऊक नाही, पण वर्णनावरून आपल्या बायका त्याला नाक मुरडतील असे वाटते. त्या काळी रक्तक्षयावर गुरांचे यकृत खावयास देण्याचा उपचार अमेरिकेतून आलेला होता. १९२६ साली मायनट आणि मर्फी यांनी तो सिद्ध केला आणि पुढे १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण यकृताचा अर्क महाग. चाळीतल्या बाईस तो कोठून परवडावा? मार्माइट त्या मानाने स्वस्त. विल्सबाईंनी ते रोगी स्त्रियांना दिले. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परत आली, बाया हिंडू-फिरू लागल्या. हा शोध १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात त्यांनी निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयातही काम केले होते.

बाई पुन्हा हाफकिनमध्ये आल्या त्या १९३७ साली, विमानातून. समुद्रावर उतरणारे ते विमान त्या काळी नवलाईचे होते. या खेपेस बार्बरा इव्हान्स यांच्याबरोबर त्यांनी एक नाजूक गोष्ट दाखवून दिली. यकृताचा अगदी शुद्ध केलेला अर्क विलायती रक्तक्षयावर चालतो, पण मुंबईच्या या स्त्रियांना त्याचा गुण येत नाही. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र गुणकारी ठरतो. अर्थात शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते त्यातच औषध होते! म्हणजे हे द्रव्य निराळे, आजवर कोणास न सापडलेले. शास्त्रज्ञ त्यास विल्स-घटक म्हणू लागले.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकापासून एक द्रव्य वेगळे काढले आणि पानावरून, म्हणजे लॅटिन ‘फोलियम’ या शब्दावरून, त्यास फोलिक ॲसिड हे नाव दिले. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने ते कृत्रिम रीतीने तयार केले. त्या प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या चाळीतून निघालेला प्रश्न असा फिरत फिरत एका भारतीयाच्या देखरेखीखाली सुटला, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

हे द्रव्य शरीरात करते तरी काय? आपल्या भागातील वीटभट्टीचा दाखला घेऊ. लोह म्हणजे माती आणि फोलिक ॲसिड म्हणजे साचा असे समजा. माती कमी पडली तर विटा लहान आणि फिक्या निघतील. साचा नसेल तर मातीचे थोडेसेच, मोठे, ओबडधोबड गोळे पडून राहतील. ज्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी घडतात त्यांना विभागण्यास हा साचा लागतो. गर्भारपणात आईचे रक्त वाढते, बाळाची वाढ होते, सगळीकडे नव्या पेशींची मागणी. घरातला साठा संपतो तो नेमका तेव्हाच. पालेभाज्या, चवळी, मूग, हरभरा, यकृत यांत हे द्रव्य असते, पण भाजी फार वेळ उकळून पाणी फेकून दिले तर त्याबरोबर तेही जाते. आपल्या घरांतून खाडीचे मासे, सुकट, तांदळाची भाकर यांची वाण नव्हती, आणि पावसाळ्यात माठ, टाकळा दारात उगवे. आता खाचरांवर गोदामे उभी राहिली. दापोडे, पूर्णा, काल्हेर, आपले वळ, कोठेही पाहा. आपल्या लेकीसुना सकाळी डबा घेऊन त्याच गोदामांत माल बांधावयास जातात. डब्यात काय असते ते आम्ही पाहिले आहे. वडापाव, नाहीतर चहात बुडवावयाची बिस्किटे. गिरणगावातली ती बाई आणि गोदामातली ही मुलगी यांच्या ताटात फार अंतर उरलेले नाही.

विल्सबाई १६ एप्रिल १९६४ रोजी वारल्या. आजन्म अविवाहित राहिल्या. सायकलवरून कामाला जात, डोंगर चढत, आणि अखेरच्या दहा वर्षांत लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. त्यांच्या पश्चात १९९१ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या स्त्रियांचे आधीचे मूल पाठीच्या कण्याच्या किंवा मेंदूच्या व्यंगाने जन्मले होते, त्यांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक ॲसिड घेतले, तर पुन्हा तसे होण्याचे प्रमाण शेकडा सुमारे बहात्तरने घटले. गर्भाची ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून लग्न झालेल्या मुलीने आधीच डॉक्टरांना विचारावे.

आता घरातल्या गोळीकडे येऊ. सरकारी दवाखान्यातून गर्भिणीला जी तांबडी गोळी फुकट मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. विल्सबाईंच्या शोधातले अर्धे पुण्य त्या गोळीत आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील गर्भिणींपैकी शेकडा ५२.२ जणींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असतील. पण आपल्या घरातले एक कारण आपण जाणतो. गोळी येते, आणि फडताळात पडून राहते. एक म्हणते, गोळीने बाळ काळे होते. दुसरी म्हणते, बाळ मोठे होऊन कातडे फाडावे लागते. लोहामुळे शौच काळे होते हे खरे. त्यावरून बाळाच्या रंगाचा तर्क निघाला असावा. तिसरी गोळी घेते, पण चहाबरोबर, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही.

फडताळात तांबडी गोळी पडून असते आणि त्याच फडताळात हजार-बाराशेचे टॉनिक उभे असते, हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले. बाटलीवर ‘ॲण्टिऑक्सिडंट’ असे मोठे अक्षर. त्याचा अर्थ आम्ही एका डॉक्टरांना विचारला. श्वासातला प्राणवायू शरीरात वापरला जात असता काही दाहक कण निर्माण होतात. ते लोखंडावरील गंजासारखे पेशींना पोखरतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये म्हणजे ही. गर्भारपणात काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने लघवीत उतरतात, आणि वेळीच सावरले नाही तर झटके येतात. या आजारात असा गंज फार चढतो हे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. तेव्हा गंज रोखणारी क आणि ई जीवनसत्त्वे दिली तर आजार टळेल, हा तर्क कोणासही पटेल. विलायतेत सुमारे २४०० गर्भिणींवर तो पडताळून पाहिला आणि २००६ साली निकाल आला. आजार टळला नाही. उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. ज्यांना या आजाराचा धोका अधिक, त्यांना डॉक्टर थोड्या मात्रेत ॲस्पिरिन देतात, त्याचा उपयोग दिसला आहे. पण ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे. विल्सबाईंच्या उंदरांची गोष्ट आम्ही लांबवून सांगितली ती यासाठी. पटणारा तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत त्या उवांएवढे अंतर असू शकते. रक्तदाब मोजणे आणि लघवी तपासणे यांस सरकारी दवाखान्यात पैसा पडत नाही. ते करावे, आणि टॉनिकचे पैसे अंडी, डाळ, भाजी यांस लावावे.

आता जे शेवटी सांगू म्हणालो होतो ते सांगतो.

सन २०१३ पासून शाळांतून मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फोलिक ॲसिडची निळी गोळी देण्याची योजना आली. आम्ही ज्या शाळेत होतो तेथे वाटपाचे काम आमच्याकडे होते. पहिले काही आठवडे आम्ही नेमाने वाटप केले. एका आठवड्यात आठवीतली एक मुलगी उपाशीपोटी गोळी घेऊन ओकली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि चारचौघांत आम्हांस बोलले. वास्तविक जेवणानंतर गोळी द्यावी असे कागदावर स्पष्ट होते. चूक आमची होती. ती सुधारण्याऐवजी आम्ही सोपा मार्ग धरिला. गोळ्यांची पाकिटे कपाटात ठेविली आणि नोंदवहीत दर आठवड्याला ‘वाटप केले’ असे लिहीत गेलो. अक्षर आमचे चांगले आहे. वहीवर कोणी बोट ठेविले नाही. हे एक वर्षाहून अधिक काळ चालले.

दोन वर्षांपूर्वी तीच मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आणि चक्कर येऊन पडली. तिचे हिमोग्लोबिन साडेसहा भरले. गर्भिणीचे अकराच्या खाली नसावे, सातच्या खाली गेले तर जिवावरचे. ठाण्यास नेऊन रक्त चढविले. तिच्या वडिलांच्या शेजारी आम्ही रुग्णालयाच्या बाकावर रात्रभर बसलो होतो. ते आम्हांस म्हणत होते, गुरुजी, तुम्ही आलात, फार आधार वाटला. आठवीतल्या गोळ्यांनी दहा वर्षांनंतरचे रक्त टिकले असते असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. परंतु गोळी वाईट, हे त्या घरात ठरले ते आमच्यामुळे, आणि गर्भारपणात तिने तांबडी गोळी घेतली नाही ती त्याच समजुतीने. हे तिने रुग्णालयात आमच्या देखत डॉक्टरांना सांगितले. आम्ही तेथे गप्प बसलो.

ती बरी झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बारशाला आम्हांस बोलावणे होते, आणि तिने वाकून नमस्कार केला तेव्हाही आम्ही काही बोललो नाही. ही स्मरणिका तिच्या माहेरी आणि सासरीही जाते. ती वाचील म्हणूनच आज हे सांगितले आणि छापावयास दिले आहे.

मंडपाच्या दाराशी आशाताई हिमोग्लोबिन तपासण्याची सुई घेऊन बसल्या आहेत. सकाळी आम्ही स्वतः बोट पुढे केले. मुंगी चावल्याइतके दुखते. गोळ्यांची पाकिटेही त्यांच्याकडे आहेत. ज्या सुनांना सासूबाईंसमोर विचारण्याचा संकोच वाटेल त्यांच्यासाठी आतल्या खोलीत वेगळी सोय केली आहे.

आज पंगतीत वालाचे बिरडे, माठाची भाजी आणि भाकर आहे. पहिली पंगत स्त्रियांची बसवावी, गर्भिणी आणि तान्ह्या बाळांच्या आया प्रथम, असे आम्ही चिटणिसांना सुचविले होते. त्यांनी ते मान्य केले आहे. पुरुषमंडळींनी तोवर बाहेर आंब्याखाली बसावे. वाढावयास दहा-बारा तरुण हवे आहेत, त्यांनी आमच्याकडे नावे द्यावीत.